चुंबकबाबाची सौम्य ज्वाला

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि पत्र्याच्या छपराचं एक वर्कशॉप समोर आणा. आत ज्वाला फेकणारी बंदूक आहे. तिच्यात भुकटी घातली की ती वितळून यंत्राच्या भागांवर लेपासारखी बसते. आज मात्र यंत्रांचे भाग कोपऱ्यात पडलेत आणि दाराशी ही झुंबड! सगळ्यांना चुंबकबाबाची ‘जिवंत पट्टी’ हवी आहे.

"ही लाल माती मेलेली!" बाबा ओरडतो. "चुंबक तिला ओळखही देत नाही! मी प्राण फुंकतो, मग बघा! गुडघे, पित्त, साखर, सासूचा राग, सगळं खेचून घेते!"

बंदूक चालवतात टोचणीचे मामा. सारखी प्रश्न विचारते म्हणून भाचीचं नाव टोचणी. मामांना मधुमेह. पायाला बाबाची जिवंत पट्टी बांधल्यापासून त्यांनी इन्सुलिन सोडलंय आणि अंगठ्याची जखम काळी पडत चाललीय.

मामांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ती लाल मातीची भुकटी फवारली. लेप लाल. लावलेला चुंबक खाली पडला. मग बाबाने मंत्र सुरू केला. "ज्वाला सौम्य करा!" मामांनी नळ फिरवून पुन्हा फवारलं. लेप काळा झाला, चुंबक चटकन चिकटला. गर्दीने हात जोडले.

"मामा, सौम्य म्हणजे काय केलंस?" शेजारी उभ्या टोचणीने विचारलं.

"ऑक्सिजन कमी केला. विधीच आहे तसा."

"आता बाबाला मंत्र म्हणू दे, पण ऑक्सिजन कमी करू नकोस."

"गप गं! देवाच्या कामात नाक खुपसू नकोस."

"पाय जाईल तुझा, मामा!"

मामांनी काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांनी नळ पहिल्यासारखा केला. बाबा घसा फाडून मंत्र म्हणत राहिला. लेप लाल, चुंबक खाली. मग मंत्राशिवाय, कमी ऑक्सिजनवर फवारलं. लेप काळा, चुंबक घट्ट!

"पोरीची नजर लागली!" बाबा म्हणाला. आणि निम्म्या लोकांनी माना डोलावल्या! काय म्हणावं या लोकांना? डोळ्यांदेखत नळ फिरला, तरी दिसला मंत्रच. रोज तो नळ फिरवणारे मामाही त्यांच्यातच!

अरे, ती भुकटी म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनची जोडी. ज्वालेला ऑक्सिजन कमी पडला की ती उपाशी ज्वाला भुकटीतलाच थोडा ओढून घेते. उरतं ते काळं ऑक्साइड, आणि त्याला चुंबक धरतो. यात प्राण कुठला? आणि समजा चुंबक चिकटला, तरी रक्तातली साखर त्याने कशी उतरेल? एवढं तरी विचारा रे! चमत्कार दिसला की एक गोष्ट बदलून बघा, दुसरी तशीच ठेवा.

टोचणी वाद घालत बसली नाही. तिने खाली बसून मामांच्या पायाची पट्टी सोडली, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि "सरका, सरका, आम्हाला दवाखान्यात जायचंय" म्हणत गर्दीतून वाट काढली.