जीपची वाटणी

वडील गेले तेव्हा आम्हा दोघा भावांत वाटून घ्यायला फारसं काही उरलं नव्हतं. घराचं त्यांनी जिवंतपणीच उरकून ठेवलं होतं: वरचा मजला मला, खालचा दादाला, जिना दोघांचा. राहिली ती अंगणातली जीप. चाळीस वर्षांची, फोर-व्हीलवाली, सहा वर्षं पत्र्याच्या शेडखाली विटांवर उभी. इंजिनात उंदरांनी संसार थाटला होता आणि मागच्या बाकांच्या स्प्रिंगा रेक्झिन फाडून बाहेर आल्या होत्या. विकायला दोघांचाही जीव होईना, आणि एकाने घ्यावी तर दुसऱ्याला पचेना.

शेवटी आत्याने न्याय केला. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, आणि आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट. ती म्हणाली, थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. दादाने निमूटपणे खडू घेतला आणि जीपच्या बरोबर मधोमध आडवी रेघ ओढली. पुढचा वाटा आणि मागचा वाटा. गिअरबॉक्स नेमका रेघेखाली आला, म्हणून तो सामाईक विहिरीसारखा दोघांचा ठरला.

आता दादाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणतं. ट्रक गल्लीच्या तोंडाशी आला की त्याचं काय दुखतंय ते हा घरात जेवता जेवता सांगतो. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. त्यामुळे दादाने मला लहानपणीच 'बॉबिन' हे नाव ठेवलं, आणि आता माझ्या मुलीच्या मैत्रिणीही मला बॉबिनकाका म्हणतात. अशा परिस्थितीत कुठल्याही शहाण्या माणसाने इंजिन दादाला सोडलं असतं. दादानेही तेच गृहीत धरलं होतं, म्हणून मी पुढचा वाटा उचलला.

ट्रकची इंजिनं उतरवणाऱ्या माणसाच्या वाट्याला दोन मोडके बाक, पेट्रोलची टाकी, मागचा ॲक्सल आणि दोन लाल दिवे आले. आत्याने "पस्तावशील" म्हटलं, पण ते कोणाला उद्देशून हे तिने सांगितलं नाही.

मला काय हवं होतं ते सांगूनच टाकतो, लपवण्यात अर्थ नाही. हे काम बॉबिनने केलंय आणि चांगलं केलंय, एवढं एक वाक्य मला दादाच्या तोंडून, चार माणसांसमोर ऐकायचं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांत ते ऐकलं नव्हतं. जीप हे निमित्त होतं. मागचा वाटा माझ्याकडे आला असता तर मी त्या लाल दिव्यांवरही दोन वर्षं घातली असती.

घातली दोन वर्षंच. दर रविवारी सकाळी दादा मागून कामाला लागायचा आणि मी पुढून. एकमेकांच्या हद्दीत नाक खुपसायचं नाही असा करार होता. तरी दादा मान वाकडी करून बघतोय असा मला सारखा संशय यायचा. म्हणून मी बायकोची एक जुनी चादर घेतली आणि खडूच्या रेघेवरून, शेडच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत टांगून दिली. चादरीपलीकडून ठोकाठोक ऐकू यायची. अलीकडे मी बंपरपाशी पाट टाकून बसायचो आणि वडिलांचं जीपदुरुस्तीचं तेलकट, जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन पानागणिक पुढे सरकायचो.

आणि खरं सांगतो, मला जमत होतं. कार्बोरेटर म्हणजे काय, बारीक भोकं, बारीक सुया आणि अचाट संयम; माझा जन्म त्यातच गेला. व्हॉल्व घासले, रिंगा बदलल्या, उंदरांचं बिऱ्हाड हलवलं. पुढचा ॲक्सल मात्र अंगावर आला. त्याच्या पोटात ताटाएवढं दातेरी चाक असतं, त्याला क्राउन म्हणतात. इंजिनाकडून आलेली ताकद ते दोन्ही चाकांना देतं. ते एकट्याने उचलून बसवताना माझी कंबर आठ दिवस धरली होती. पुस्तकात लिहिलं होतं डाव्या बाजूला बसवा, मी डाव्या बाजूला बसवलं. चादर उचलून दादाला हाक मारावी असं क्षणभर वाटलं होतं, पण मग एवढी चादर टांगून उपयोग काय?

जीप रस्त्यावर आली तेव्हा माझ्या पायाला जमीन लागत नव्हती. इंजिन असं चालत होतं की समोरच्या इमारतीतला शिंपी खाली येऊन बॉनेटला कान लावून गेला. दादाने तीन फेऱ्या मारल्या, उतरला, हात पुसले आणि म्हणाला की सपाट रस्त्यावर तर रिक्षाही चालते. जीपची जीप होते ती नाल्याच्या उतारावर. त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते झोंबलं. रस्त्यावर जीप मागच्या दोन चाकांवरच चालते. चिखल आला, चढ आला की फोर-व्हीलचा दांडा ओढायचा, मग पुढची चाकंही जोर लावतात.

पुढच्या रविवारी आम्ही नाल्यावर गेलो. आत्या हट्टाने मागच्या बाकावर बसली, मांडीवर पर्स आणि एका हाताने छताचा पाइप घट्ट धरलेला. चालवत मीच होतो, स्टिअरिंग माझ्या वाट्यातलं. उताराला जीप झोकात गेली आणि तळाच्या चिखलात बसली. मी फोर-व्हीलचा दांडा ओढला, क्लच सोडला. जीपने अंग झाडल्यासारखं केलं, कण्हली आणि होती तिथेच आणखी वीतभर खाली गेली.

मला आनंद झाला. माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला की दादाच्या मागच्या चाकांत काहीतरी खोट आहे. मी त्याला म्हटलं, तू स्टिअरिंगवर बस, मी उतरून बघतो कुठलं चाक नुसतंच फिरतंय ते. तो बसला. मी घोटाभर चिखलातून जीपच्या पुढे जाऊन उभा राहिलो आणि हाताने 'ये, ये' अशी खूण केली. दादाने ॲक्सिलरेटर दाबला.

मागच्या चाकांनी चिखल मागे उडवला, जसा उडवायला हवा तसा. पुढच्या चाकांनी तो पुढे उडवला, म्हणजे माझ्या तोंडावर.

मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. मागची चाकं जीपला पुढे ढकलत होती आणि पुढची मागे. बिचारी मध्ये उभी राहून थरथरत होती. आत्या बाकावरून स्वच्छ आवाजात म्हणाली, "तुमचा बाप गेल्यापासून या घरात हेच चाललंय."

चिखलात उभ्या उभ्या मला सगळं उलगडलं. पुस्तकातलं डावं म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या माणसाचं डावं. मी दोन वर्षं जीपकडे तोंड करून बसलो होतो, कारण पाठीमागून शिरायला मीच टांगलेली चादर आड येत होती. माझं डावं ते जीपचं उजवं. क्राउन उलट बाजूला बसला होता आणि पुढची चाकं उलटी फिरत होती. रस्त्यावर त्यांना कोणी जोर लावायला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

एव्हाना वीटभट्टीचा ट्रॅक्टरवाला आवाज ऐकून काठावर आला होता, आणि त्याच्याबरोबर भट्टीवरची काही माणसं. नेमकी चार माणसं. दादा उतरला. जीपभोवती एक चक्कर मारली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खिशातला रुमाल काढून दिला. मग तो काठाकडे बघून म्हणाला, "मागचा ॲक्सल मी बसवलाय. माझंच काहीतरी चुकलं."

"मिस्त्री, तुमचं?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, आणि ती माणसं हसली. दादाही थोडा हसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चूक कबूल केली होती, आणि ती त्याची नव्हती. मी रुमालाने तोंड पुसत राहिलो. तोंड पुसायला मला बराच वेळ लागला.

गावात बातमी पसरायला एक दिवस पुरला. मशीन घेऊन येणाऱ्या बायका सांगू लागल्या की भाऊजी, सगळी जीप तुम्हीच करायला हवी होती, मिस्त्रींचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. एका ट्रकवाल्याने आपलं काम दुसऱ्या गॅरेजला दिलं असंही कानावर आलं. पहिले दोन दिवस मला हे ऐकायला गोड लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून बघतो तर दादा अंगणात गोणपाटावर मागचा ॲक्सल खोलून बसला होता. एकेक भाग रॉकेलने धुऊन, उन्हाला धरून बघत होता. जिथे चूक नव्हती तिथे चूक शोधणारा माझा थोरला भाऊ. मी पुढ्यातलं ताट तसंच सरकवलं. बायको म्हणाली, "तुम्ही काहीतरी केलंय. काय केलंय ते विचारत नाही, पण जाऊन निस्तरून या."

तरी आणखी पाच दिवस काढले मी. मग गेलो खाली. एका दमात सांगितलं: क्राउन, डावं-उजवं, चादर, सगळं. दादाने नट घट्ट करायचं थांबवलं नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पुढे उभा राहून तोंडभर चिखल खाल्लास. दुसरं काय असणार?"

मग बोललास का असं, मी विचारलं. त्याने पाना खाली ठेवला.

"माझ्यावर चार माणसं हसली तर गॅरेज बंद पडत नाही. तुझ्यावर हसली असती तर तू पुन्हा पान्याला हात लावला नसतास. आणि इंजिन फार सुरेख केलंयस रे, बॉबिन."

हवं ते वाक्य मिळालं. पण ऐकायला आम्ही दोघंच होतो, आणि मला खूप रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मग हे कशाला खोललंस, मी मागच्या ॲक्सलकडे बोट दाखवून ओरडलोच. तर म्हणे तेलाचं सील गळत होतं, बदलायचंच होतं.

मी तसाच सायकल काढून वीटभट्टीवर गेलो. निदान चूक तरी माझी होती. सबंध जीपमध्ये ती एकच गोष्ट अशी होती की जिच्यात दादाचा काडीचा वाटा नव्हता, आणि थोरलेपणाच्या हक्काने तीही त्याने उचलली होती. ट्रॅक्टरवाला चाकाची हवा बघत होता. भट्टीवरची माणसंही होतीच. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मिस्त्रींचं काही चुकलेलं नाही. पुढचा ॲक्सल मी बसवला, क्राउन मी उलटा बसवला, पुढची चाकं त्यामुळे उलटी फिरली.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या हो, बॉबिनशेठ. आम्हाला काय कळत नाही? भावाचं नाव जाऊ नये म्हणून एवढ्या उन्हात आलात." त्याने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "बघा रे, दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा भाऊ मिळायला नशीब लागतं."

ती चारही माणसं माना डोलवत माझ्याकडे आदराने बघत राहिली. मी सायकल वळवली आणि म्हटलं, "हो. लागतं खरं."