यामाहाची वाटणी

नवऱ्याचं नाव बायकूनं घ्यायचं न्हाई, पर तुमास्नी कळाया पायजे म्हणून एकदाच घेते. गुंडा. आता हितनं फुडं मी "हे" म्हणलं की ह्यास्नीच धरा. ह्यांचं थोरलं भाऊ आप्पासो, पलटणीतनं हवालदार हून रिटायर झालं आन् बायकूच्या माहेराला, कराडला ऱ्हायलं. आमी हितं पलूसजवळ मळ्यात. दोघं सख्खं भाऊ, एका ताटात जेवल्यालं. आन् दोघांच्या मधी एक गाडी. यामाहा, आरेक्स हंड्रेड, काळीभोर.

भावजींनी पलटणीतनं पैसं धाडलं, ह्यांनी उसाचं बिल घातलं, आन् निम्मी निम्मी अशी ती सांगलीवनं घरी आली. तवा मी नवी नवरी. ती गाडी बारकी दिसायची, पर किक मारली की आख्ख्या वस्तीला कळायचं. बुलेटवाला पाटील चढाला आमच्या मागं पडायचा आन् घरी जाऊन बायकूवर चिडायचा. लय जीव होता दोघांचा तिच्यावर. भावजी सुट्टीवर आलं की आदी गाडीची टाकी पुसायचं, मग आईच्या पाया पडायचं.

पयल्या खंडेनवमीला मी पूजा कराय गेले तर टाकीवर तीन त्रिशूळ. मला वाटलं, म्हादेवाचीच गाडी की ही! हळदकुंकू वाहिलं आन् वर बेल वाहिला. लय वरसांनी विश्वजितनं, भावजींच्या ल्योकानं, मला सांगितलं, "काकू, ते त्रिशूळ न्हाईत. वाद्यं सुरात लावायचे चिमटे हैत." त्यो इंजिनेर, त्याला समदं ठावं. म्हणला, यामाहा नावाचा ह्यो जपानी बाबा पयल्यांदा घड्याळं दुरुस्त करायचा. एका शाळेतली पायपेटी बिघडली, ती ह्यानं उघडून नीट केली, आन् तिच्यासारखी नवी बी केली. मग त्यो आन् त्याचा जोडीदार ती पेटी दांड्याला टांगून, खांद्यावर घिऊन, डोंगर चढून पार टोकियोला गेलं. तिथं जाणती माणसं म्हणली, सूर चुकल्यात. तर बाबा तिथंच ऱ्हाऊन सूर शिकला आन् दुसरी पेटी केली. मोटरसायकली लय मागनं, पंचावन साली.

मी म्हणलं, असूंदे. ज्यानं सूर लावला त्यो बी देवच. बेल वाहायचं काय मी सोडलं न्हाई. पर दोघांनी मिळून खांद्यावर पेटी न्हेली हे ऐकलं आन् मला आमची दोघं आठवली. असा राग आला मला! परक्या मुलखातली दोन माणसं डोंगर चढली, आन् आमच्या सख्ख्या भावांस्नी एक गाडी जमंना.

त्याचं असं झालं. सासरं गेलं आन् मागनं वाटणी झाली. रान वाटलं, भांडी वाटली, म्हशी वाटल्या. काय कुरबूर न्हाई. शेवटाला गाडी ऱ्हायली. हे म्हणलं, मी सोडणार न्हाई. भावजी म्हणलं, मी इकू द्यायचो न्हाई. पंच कंटाळलं. त्यातला एक म्हातारा म्हणला, "आरं, हीर कुठं फोडता येती का? हिरीच्या पाण्याची पाळी लावता न्हवं, तशी गाडीची लावा."

झालं! गाडीला पाळी लागली. पाडवा ते दसरा आमची, दसरा ते पाडवा त्यांची. लोक हसलं, पर आमच्याकडं हिरीचा नेम म्हंजे देवाचा शब्द. आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, घालून दिल्याला नेम हाय त्यो. आपल्या पाळीत दुसऱ्यानं मोटर चालू करायची न्हाई. आन् एखादा भाऊ आजारी पडला तर त्याची पाळी बुडत न्हाई, दुसऱ्यानं आदी त्याच्या उसाला पाणी पाजायचं आन् मग आपल्या.

पयल्याच दसऱ्याला माती झाली. ही गाडी पेट्रोलबरुबर तेल बी पिती. त्या तेलाचा डबा बाजूला येगळा असतो, त्यात वतलं की गाडी आपलं आपण घेती. भावजी कराडवनं आलं हुतं. पाळी सुरू व्हायची म्हणून त्यांनी गुमान डबा भरला. ह्यास्नी वाटलं, दादा पलटणीतला माणूस, त्याच्या काय ध्यानात ऱ्हायाचं न्हाई. ह्यांचा हात जुन्या राजदूतवर बसल्याला, सरळ पेट्रोलातच तेल वतायची सवय. ह्यांनी टाकीत वतलं. एकानं दुसऱ्याला इचारलं का? तोंडाला काय कुलूप हुतं का?

आन् सीमोल्लंघनाला समदा गाव मारुतीच्या देवळाम्होरं हुबा असताना भावजींनी किक मारली. आगं बया बया! वीटभट्टी पेटल्यावानी धूर. पुजारी खोकतोय, पोरं नाचत्यात. गाडी दोन हात फुडं गेली आन् गचकली. लोक पोट धरून हसाय लागलं. भावजी वराडलं, "अडाण्या, तेलात तेल घातलंस व्हय रं?" हे म्हणलं, "जलमभर बंदुका पुसल्यास, गाडी मी संभाळलीया!" शबुद वाढत गेला. नको नको ते बोललं. आन् त्या दिसापासनं बोलाचाली बंद.

पर पाळी बंद झाली न्हाई, हं! तिथं दोघं बी इमानी. मधल्या मधी शेणोलीला एक च्याचं हाटेल हाय. पाडव्याला आन् दसऱ्याला दोघं तिथं यायचं. च्या घ्यायचा, किल्ली टेबलावर सारायची, ज्यानं गाडी दिली त्यानं यस्टीनं माघारी यायचं. त्वांडातनं ब्र न्हाई. हाटेलवाला म्हणायचा, हिंदुस्थान पाकिस्तान आलं बगा.

आमी दोघी जावा मातर फोनवर अधनंमधनं बोलायचो. तिचं नाव संयोगिता. ती म्हणायची, "सुले, ह्यांनी काल कराडात हिंडून हिंडून आरसा आणला गाडीला." मी म्हणायचे, "आमच्यांनी सीट शिवून आणलंय." गाडी म्हातारी झाली, कंपनीनं ती काढायची कवाच बंद केली, तरी आमची बगाल तर कालच शोरूममधनं आणल्यावानी. दोघं भाऊ एकमेकास्नी जे बोलू शकत न्हवतं ते गाडीला लावायचं.

आन् एक गोष्ट मी कुणालाच सांगितली न्हवती. दर दसऱ्याला हे निघताना आपट्याचं एक पान सदऱ्याच्या खिशात ठिवायचं. सोनं. थोरल्या भावाला द्यायचं, पाया पडायचं. आन् दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मी सदरा धुवाय घेतला की खिशात त्या पानाचा चुरा घावायचा. तसाच न्हेल्याला, तसाच माघारी आणल्याला. मी काय बोलायचे न्हाई. खिसा उलटा करून झाडायचे आन् धोंड्यावर सदरा जरा जोरातच आपटायचे.

ह्या वरसी खंडेनवमीला गाडी धुऊन पुसून झाली. मी बेल वाहिला. ह्यांनी तेलाचा डबा भरला, त्याच डब्यात वतायच्या टूटी तेलाचं एक पाकीट हँडलच्या पिशवीत टाकलं. तेवढ्यात विश्वजितचा फोन. म्हणला, "काकू, काकास्नी सांगा, उद्या गाडी आणू नका. बाबांच्या गुडघ्याचं आप्रिशन झालंय. किक मारता यायची न्हाई आता. ते म्हणत्यात, माझी पाळी मी सोडली. गाडी गुंडाचीच."

मी फोन ठिवला आन् ह्यास्नी सांगितलं. मला वाटलं, गडी खूश हुईल. आख्खी गाडी मिळाली की! हे गपकन कट्ट्यावर बसलं. हातातलं फडकं तसंच हातात.

"दादानं पाळी सोडली?" म्हणलं. "मग मी शेणोलीला कशाला जाऊ?"

मला तवा कळलं, गाडी कुणाला पायजे हुती! वरसातनं दोनदा भाऊ डोळ्याला दिसायचा, एक कप च्या संपस्तवर. तेवढंच ह्या माणसाचं धन हुतं आन् तेच आता संपलं. साठी उलटल्याला माणूस, फडक्यानं डोळं पुसाय लागला, तोंडाला काळं लागलं. पर मी पडले फटकळ तोंडाची. म्हणलं, "रडताय काय बायकावानी? दादानं पाळी सोडली, तुमी भाऊ सोडलाय का? उद्या कराडला जायचं. मी बी येणार."

"त्याच्या दारात? त्यानं हाकललं तर?"

"हाकललं तर येऊ माघारी. रस्ता काय उचलून न्हेतोय व्हय कुणी?"

दसऱ्याला सकाळी निघालो. मी मागं बसले, नऊवारीचा काष्टा सावरून, एका हातात तांब्याएवढी भाकरीची शिदोरी. दोन्ही अंगाला ऊस उभा, तुऱ्याला आल्याला. ताकारी गेली, शेणोली आली. हाटेलवाल्यानं मला मागं बगितलं आन् त्याच्या हातातली किटली वाकडी झाली. आमी थांबलो न्हाई.

कराड जवळ आलं तसं हे गप गप व्हाय लागलं. मी वळखलं. दारात जाणार, च्या पिणार, किल्ली ठिवणार, आन् मुक्यानंच माघारी येणार. ही दोघं गोडीनं बोलायची जात न्हवं. मी इचार केला, भांडणानं बंद झाल्याली तोंडं भांडणानंच उघडत्यात. गाव लागल्यावर हे पेढं घ्याय उतरलं, किल्ली गाडीलाच. मी पिशवीतलं टूटीचं पाकीट दातानं फोडलं, टाकीचं झाकण उघडलं आन् दिलं सोडून समदं आत. त्रिशुळाला हात जोडलं. म्हणलं, बाबा, तू सूर लावणारा, एवढा एक लाव.

भावजींच्या आळीत शिरलो आन् गाडीनं रंग दाखीवला. धूर म्हंजे काय! मागचं घर दिसंना. बायका दारं लावाय लागल्या. बरुबर त्यांच्या पायरीम्होरं गाडीनं एक उचकी दिली आन् गचकली.

धुराच्या पल्याडनं आवाज आला, "कोण त्यो गाढव? तेलात तेल घातलंय! वास येतोय न्हवं!"

धूर इरला. भावजी ओसरीवर खुर्चीत, पाय लांब केल्याला, हातात काठी. भावाला बगितलं आन् तोंड तसंच उघडं ऱ्हायलं.

हे चिडून म्हणलं, "मी न्हाई घातलं! डबा भरलाय खाली, टाकीत थेंब घातला न्हाई. आईची आण!"

"तवा बी असंच म्हणला हुतास!"

"तवा घातलं हुतं. आज न्हाई घातलं!"

भावजींनी काठी मांडीवर आडवी ठिवली. मग म्हणलं, "घातलं हुतंस न्हवं तवा?"

"व्हय. तू इसरशील म्हणून घातलं हुतं."

"आन् मी, तू इसरशील म्हणून डबा भरला हुता."

माझ्या मनात आलं, आता एखादा रडला तर दुसरा बी रडंल आन् आळी गोळा हुईल. पर भावजी पलटणीतलं. खाकरलं आन् आत वराडलं, "विश्वा, पलग पाना आण! आन् पालिश पेपर!" धाकट्या भावानं इंजिनातला ठिणगीचा पलग काढला, तेलानं बरबटल्याला, थोरल्यानं खुर्चीत बसून घासला. टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल आणलं. सारखी हुज्जत. आसं धर, तसं न्हवं, उजेडात धर, तुला कळतंय का. मला कानाला इतकं गोड लागत हुतं म्हणून सांगू!

पलग बसवला तसं भावजींनी काठी टेकली. म्हणलं, "जा घिऊन आता. मी सांगितलंय न्हवं, पाळी सोडली म्हणून."

हे म्हणलं, "आबांचा नेम इसरलास? आजाऱ्याची पाळी बुडत न्हाई. दुसऱ्या भावानं पाणी पाजायचं."

"आरं, ही काय मोटर हाय व्हय, बटण दाबाय? किक कोण मारंल?"

"मी मारीन."

"पलूसवनं येणार व्हय किक माराय?"

"दर ऐतवारी. किर्लोस्करवाडीवनं रेल्वे हाय की. गाडी तुझ्या दारात, पाळी तुझी. किक मी मारीन, तू मागं बस."

भावजींनी मान खाली घातली. काठी पायरीवर आपटत ऱ्हायलं. शेवटाला म्हणलं, "मी मागं कवा बसलो न्हाई रं गुंड्या."

"मग बस आता. थोरला हैस म्हणून सारखं फुडंच बसायचं व्हय?"

विश्वजितनं आन् मी धरून भावजींस्नी मागं बसवलं. ह्यांनी किक मारली. एका किकंत गाडी जागी झाली, धुराचं नाव न्हाई. दोघं कृष्णा-कोयनंच्या संगमाकडं सोनं वाटाय निघालं. आळीच्या तोंडाला वळण घेताना भावजींचा हात ह्यांच्या खांद्यावर बसल्याला मी बगितला. गाडीच्या आवाजावर बी त्यांचा आवाज चढला हुता, "गेर टाक! गेर टाक की रं!"

आत सैपाकघरात जाऊबाईनं मला जवळ घेतलं. मग नाक वर करून वास घेतला. म्हणली, "सुले, तुझ्या पदराला कसला गं तेलाचा वास?"

मी म्हणलं, "गप. श्रीखंड काढ."

दुसऱ्या दिशी घरी आल्यावर मी धुणं काढलं. ह्यांचा सदरा घेतला, सवयीनं खिसा उलटा केला, झाडला. काय पडलं न्हाई.