छपरावरचा सातवा

मी भाजल्या मातीचा एक प्राणी. आयाळ सिंहाची, अंगावर खवले माशाचे. पेकिंगच्या राजवाड्यात छपराच्या उतरत्या कडेवर आमची रांग बसते, त्यात माझी जागा सातवी. ढग बोलवायचे, पाऊस पाडायचा, महालाला आग लागू द्यायची नाही, एवढं माझं काम. बोलणं माझ्या कामात नव्हतं. आज बोलतोय, कारण जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा तोंड उघडता आलं नाही.

शहराबाहेरच्या भट्टीत मी दोनदा भाजलो. दुसऱ्या वेळी अंगावर पिवळी झिलई चढली. हा पिवळा फक्त सम्राटाचा. मग गवतात गुंडाळून मला आत आणलं.

आत काहीच उगाच नव्हतं. मधोमध उत्तर-दक्षिण एक सरळ रेघ, तिच्यावर सम्राटाचे महाल, सगळ्यांचं तोंड दक्षिणेला. मोठ्या दारांवर खिळ्यांच्या नऊ रांगा, रांगेत नऊ खिळे. त्या रेघेपासून माणूस जितका लांब, तितकं त्याचं छप्पर बुटकं आणि छपरावरचे प्राणी कमी. सम्राटाच्या शयनमहालावर नऊ, पट्टराणीकडे सात, बाकीच्या राण्यांकडे पाच. नुसतं वर पाहिलं की खाली कोण राहतं ते कळायचं.

मला नेलं युन राणीच्या महालावर. म्हणजे पाचांच्या छपरावर.

छपराची दुरुस्ती चालली होती. कौलं बसवणारा बाओ मिस्त्री पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं पहिल्या कोपऱ्याच्या टोपल्यात सात प्राणी पाहिले आणि परांचीवरून खाली उतरला. राणीचा कारभारी छाय नावाचा खोजा होता. त्याला म्हणाला, "कारभारी, इथं पाचच बसतात. सात म्हणजे पट्टराणीसाहेबांचा मान. माझं मुंडकं उडेल."

"मुंडकं तुझं, पण कागद माझा. हा लाल शिक्का दिसतो का?"

"शिक्का दिसतो. लिहिलंय काय?"

"सात लिहिलंय. का, मी तुला खोटं वाचून दाखवीन?"

बाओला बाजारातले साधे आकडे ओळखता येत. सरकारी कागदावर ते अवघड अक्षरांत लिहितात. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग टोपलं उचलून वर चढला. चारही कोपऱ्यांवर त्यानं दोन-दोन जास्तीचे बसवले. दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यावर मी, पोटाखाली ओला चुना त्यानं बोटांनी दाबून भरलेला.

छायचा हिशेब सरळ होता. युन राणीला दिवस गेले होते. मुलगा झाला तर ती उद्याची पट्टराणी, आणि तिला खूश करणारा पहिला माणूस तो.

राणी रोज सकाळी अंगणात यायची. डोळ्यांवर हात धरून वर बघायची, बोटानं मोजायची. "सात," असं हळूच म्हणायची. म्हातारी दासी तिची बाही ओढायची. "राणीसाहेब, खाली बघा. इथल्या भिंतींना कान आहेत." राणी हसायची. विशीचीही नव्हती ती.

पोटात बाळ होतं तोवर राजवाड्यात कुणालाच आमची संख्या दिसली नाही. बाळ मेलेलं जन्मलं. महिन्याच्या आत सगळ्यांना मोजता यायला लागलं.

चौकशी त्याच अंगणात झाली. बाओ फरशीवर गुडघे टेकून होता. अधिकाऱ्यानं तो कागद मोठ्यानं वाचला. "पाच."

बाओनं मान वर केली. "मग मला वाचून दाखवलं ते?"

"मी पाचच वाचलं," छाय म्हणाला. "कौलं ठोकून ठोकून ह्याच्या कानांत दडे बसलेत." दोघे-तिघे हसले.

अधिकारी पडद्याकडे वळला. "राणीसाहेब, छपरावर सात आहेत हे आपल्या कधी लक्षात आलं?"

पडद्याआडून बारीक आवाजात उत्तर आलं. "मी वर कधी पाहिलंच नाही."

आमच्या रांगेत आठवा असतो तो एकशिंगी. खोटं बोलणाऱ्याला तो शिंगावर घेतो म्हणतात. पण तो मोठ्या महालांवरच बसतो. आमच्या छपरावर नव्हता. होतो तो मी, सगळं पाहिलेला, मातीच्या जिभेचा.

शिक्षेआधी बाओलाच आम्हा जास्तीच्या आठांना काढायला वर पाठवलं. खालून हुकूम होता, फेकून द्या. त्यानं एकेकाला सोडवलं आणि खाली टाकलं. सात जण दगडावर फुटले. मी शेवटचा. मला तेवढं गुन्ह्याचा पुरावा म्हणून जपून आणायला सांगितलं होतं. त्यानं मला काखेत धरलं. उतरता उतरता शेजारचं एक कौल त्याला सैल लागलं. तो थांबला, मुठीनं ठोकून ते नीट बसवलं, आणि मग खाली गेला.

चाळीस फटके ठरले होते. त्याचं काय झालं ते मला ठेवलं त्या कोठारातल्या पहारेकऱ्यांकडून कळलं.

"तिसाव्यालाच गेला म्हणे."

"मग उरलेले?"

"मोजून पुरे केले."

छाय दुसऱ्या राणीकडे कारभारी झाला. युन राणीला उत्तरेच्या कोपऱ्यातल्या तीन प्राण्यांच्या घरात हलवलं. ती तिथं चार वर्षं जगली. अंगणात यायची, पण खाली मान घालून, असं पहारेकरी सांगत.

पुढं सम्राटांचं राज्य गेलं, कोठारं उघडली, खटल्याचे कागद वाळवीनं खाल्ले. आता मी संग्रहालयातल्या लोखंडी फळीवर आहे. एका बाईंनी मला मऊ ब्रशनं पुसलं, उंची मोजली, गळ्यात चिठ्ठी बांधली. बाई चांगल्या आहेत, मला हळू हाताळतात. चिठ्ठीवर लिहिलंय: 'छपरावरचा प्राणी. जादा बनवलेला. वापर झालेला नाही.'

त्यांचा काय दोष? मी रांगेत बसलो होतो याची नोंद कुठंच उरलेली नाही. बाओचं नाव तर कधी कुठं लिहिलंच नव्हतं.

बाई, एक विनंती आहे. मला एकदा उलटं करा. पोटाखाली जुना चुना अजून चिकटलेला आहे. त्यात चार बोटं उमटली आहेत.