एकखांबी राहुटी

“खांब किती?” मामासाहेबांनी पाटावर बसता बसता विचारलं.

“एक,” हे म्हणाले आणि लगेच ताटात बघू लागले.

“एक? अरे दिनकर, एक खांब तर छत्रीलाही असतो!”

मी आमटी वाढत होते. ओगराळं हातात तसंच राहिलं. आता हे काय बोलतात, म्हणून मी कान टवकारले. हे भातात खड्डा करत बसले.

मामासाहेब म्हणजे पिलाजीराव, ह्यांचे सख्खे मामा. पागेतून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या. ह्यांचे वडील लवकर गेले. मामासाहेबांनीच वाढवलं, शिकवलं आणि मोजणी खात्यात चिकटवलं. त्यामुळे मामासाहेबांनी आभाळ हिरवं म्हटलं की ह्यांनी हिरवंगार म्हणायचं, असा आमच्या घरचा रिवाज.

ह्या खेपेला मात्र प्रश्न माझा होता. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दिवाळी आटोपली की हे मोजणीच्या दौऱ्यावर गुजराती खेड्यांत जायचे, ते शिमग्याला उन्हाने काळे होऊन परत यायचे. मी शहरात, वाडीतल्या घरी. मूलबाळ नाही. मोरीतून माजघरात आणि माजघरातून मोरीत, एवढाच माझा दौरा. यंदा ह्यांना अव्वल कारकुनी मिळाली. आता दौऱ्यावर कुटुंब नेता येतं, आणि राहायला सरकारी तंबू आपल्या पसंतीचा घेता येतो. पण सामानाला सरकारातून गाडी एकच, आणि दुसरी भाड्याने करायची आमची ऐपत नव्हती. एकखांबी राहुटी घेतली तर गाडीत तिच्याशेजारी मी मावणार होते. दोनखांबी तंबू घेतला तर गाडी तंबूनेच भरणार. मग तंबू जाणार, ही आनंदीबाई मागे राहणार. इतकं सोपं गणित होतं.

मामासाहेब हात धुवायला उठल्यावर मी ह्यांना गाठलं.

“तुम्ही सांगताय की मी सांगू?”

“अगं, सांगतो ना. जरा वेळ बघून.”

“तुमच्या वेळ बघण्यात माझे केस पिकले!”

“तसं नाही गं. मामांना वाटतं, दोन खांब म्हणजे मान. राहुटीत काय, तंबू ठोकणारे खलाशीही राहतात.”

“आणि मला काय वाटतं?”

ह्यांनी पंच्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

तंबू पसंत करायचा दिवस ठरला. ठरला म्हणजे मामासाहेबांनी भटजींना विचारून मुहूर्त काढला. तंबू झाला म्हणून काय, राहायचं घरच ते, वास्तुशांत नको? फतेगंजाकडच्या मोकळ्या मैदानात तंबू लावून दाखवायचे होते. आम्ही बैलांची दमणी करून निघालो. तांब्या, नारळ, हळदकुंकू, आंब्याचं तोरण, सगळं बरोबर. सरकारी तंबूंचे कारभारी दत्ताजीराव वही घेऊन उभे होते. तोरण बघून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

दोनखांबी तंबू होता मात्र देखणा, खोटं कशाला बोलू! दुहेरी कापड, आतून निळ्या छिटाचं अस्तर, पुढे पडवी, बाजूला कनाती. उभा करायला सहा खलाशी आणि अर्धी सकाळ लागली. मामासाहेबांनी त्याचं दार पूर्वेला करायला लावलं. घराचं दार पूर्वेला असावं, हा त्यांचा दंडक.

म्हातारा गुजराती खलाशी म्हणाला, “काका, पवन सामो छे. मोढुं बीजी बाजू राखो.”

“वाऱ्याला विचारून घराचं तोंड फिरवतात का रे?” मामासाहेब गरजले. “मुहूर्त टळतोय. ठोका खुंट्या!”

खुंट्या घाईघाईने ठोकल्या. मामासाहेब आणि भटजी आत जाऊन बसले. भटजींनी आचमन केलं, पहिला मंत्र म्हटला आणि पूर्वेचा वारा दारातून सरळ आत शिरला. तंबू फुगला. चांगला हातभर वर उठला. मुळे उपटावेत तशा खुंट्या निघाल्या आणि अव्वल कारकुनाचा सगळा मान भटजींसकट खाली बसला.

“दिशा बरोबर आहे!” कापडाखालून मामासाहेबांचा आवाज आला. “दोर ढिले आहेत!”

हसू नये म्हणून मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सहाही खलाशी त्यांना शोधायला धावले. तेवढ्यात ह्यांनी कोट काढला, शेजारी गुंडाळून ठेवलेली राहुटी उलगडली, खांब उभा केला, दोर ताणले. कुणाला हाक नाही, काही नाही. दार वाऱ्याकडे पाठ करून. भटजींना बाहेर काढलं तेव्हा त्यांना टेकायला सावली तयार होती. ह्या माणसाचे हात इतके हुशार आहेत, हे मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

मामासाहेब पगडी झटकत आले. “पुन्हा लावा!”

दत्ताजीरावांनी वही उघडली. “दिनकरराव, काय लिहू?”

ह्यांनी मामांकडे बघितलं. मग माझ्याकडे. ह्या माणसाने शब्द गिळला आता, असं मला वाटलं.

“राहुटी,” हे म्हणाले.

“काय?” मामासाहेब.

“राहुटी, मामा. गाडीत हिला जागा हवी.”

“बायकोला जागा हवी म्हणून खलाशाच्या झोपडीत राहणार? अव्वल कारकून? गावोगावचे पटेल तोंडावर हसतील!”

“हसू देत,” हे म्हणाले. आवाज कापत होता, पण म्हणाले.

मामासाहेब परत येताना दमणीत बसले नाहीत. एवढा म्हातारा माणूस फतेगंजापासून वाडीपर्यंत एकटा चालत गेला. मला फार वाईट वाटलं. निघायच्या दिवशी त्यांनी नारळ पाठवला. स्वतः आले नाहीत.

पहिला मुक्काम डभोईच्या पलीकडे पडला. सकाळी गावचा पटेल चारपाच माणसं घेऊन आला. आत मी तांदूळ निवडत होते. राहुटीत एक खाट, एक पेटी आणि मी, एवढ्यातच ती भरली होती. म्हणून हे नकाशे घेऊन बाहेर उन्हात घोंगडीवर बसले होते. पटेलाने एकदा राहुटी बघितली, एकदा ह्यांना. हा कुणी शिपाई असावा असंच त्याला वाटलं.

“साहेब तंबूमां छे?” त्याने विचारलं.

माझा हात सुपातच थांबला.

“साहेब हुं ज,” हे आपल्या मोडक्या गुजरातीत म्हणाले. “अंदर अमारां घरनां छे. तंबू एमनो.”

साहेब मीच, आत आमचं कुटुंब, आणि तंबू तिचा! चारचौघांत, परक्या गावात, स्वच्छ आवाजात. कुणी हसलं नाही. पटेलाने पागोटं सारखं केलं आणि तो ह्यांच्यासमोर घोंगडीवर बसला. मला सुपातले तांदूळ दिसेनात.

मग मी उठले. राहुटीच्या दाराचं कापड उचललं, आतून काठी लावून जमेल तेवढं बाहेर ताणलं. ह्यांच्या पाठीवर हातभर सावली पडली. मागे न बघता हे नकाशासकट सावलीत सरकले.