हिवाळी पोशाख

दुपारी दोन वाजता मलसून कोसळली. कोरियातल्या एका ऐतिहासिक मालिकेच्या, डोंगराखालच्या राजवाड्याच्या सेटवर तेव्हा कडाक्याच्या थंडीतला प्रसंग चालू होता. बाहेर ऑगस्टचे ऊन होते. मलसून अठ्ठावन्न वर्षांची, राजधानी सोलहून पहाटेच्या बसने आलेली एक्स्ट्रा कलाकार. राजाच्या मुदपाकखान्यातल्या दासींच्या रांगेत ती शेवटची उभी होती. अंगात कापूस भरलेला हिवाळी पोशाख. पुन्हा चढवण्यात वेळ जातो म्हणून सकाळपासून तो कोणालाच उतरवू दिलेला नव्हता.

दोघांनी तिला सीनसाठी आणलेल्या लाकडी स्ट्रेचरवर घातले आणि दरवाजाबाहेर, जनरेटरच्या गाडीच्या सावलीत नेऊन ठेवले.

सहायक दिग्दर्शक यूनहाने फोन काढला.

"अ‍ॅम्ब्युलन्स आत्ता नको," दिग्दर्शक म्हणाले. "सायरन वाजला की आवाजाची वाट लागेल. उन्हाने चक्कर आलीय, पाणी पाजा. एवढा सीन होऊ दे."

यूनहाने फोन खिशात ठेवला. तिचे काम या मालिकेपुरते होते आणि पुढचे काम याच माणसाच्या शब्दावर मिळणार होते.

सीन असा होता: राजवाड्यात राजघराण्याबाहेरच्या कोणी मरायचे नाही, असा नियम. म्हणून तापाने फणफणलेल्या दासीला तिच्या सोबतिणी रडत रडत दरवाजाबाहेर काढतात. तालमीत कॅमेरामनचेही डोळे भरून आले होते.

"स्ट्रेचर कुठंय?" दिग्दर्शकांनी विचारले. "यूनहा, पळ, घेऊन ये."

मलसूनचा चेहरा लालभडक आणि कोरडा झाला होता. घाम यायचा थांबला होता. मुख्य दासीची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री छा इनसुक शेजारी बसून तिच्या पोशाखाच्या गाठी सोडत होत्या. स्वतःचा केसांचा जड टोप त्यांनी मातीत काढून ठेवला होता.

"ताई, यांना जरा खाली ठेवू या का? स्ट्रेचर हवंय."

"कशाला?"

"सीनला."

"म्हणजे हिला मातीत ठेवायचं, आणि जिला काहीच झालेलं नाही ती यावर झोपणार."

"पाच मिनिटांचं काम आहे, ताई. मी तरी काय करू? वरून सांगितलंय."

"त्या काळच्या बायकाही हेच म्हणाल्या असतील. त्यांची मान गेली असती. तुझं काय जाईल?"

"काम."

"जाईल. खोटा धीर नाही देत तुला." इनसुकनी शेवटची गाठ सोडली. "अ‍ॅम्ब्युलन्स निघाली का?"

यूनहाचा हात खिशावर गेला.

"मला सांगितलं, निघाली म्हणून. माझा फोन मेकअपच्या खोलीत आहे. तुझा कुठंय?"

मलसून काहीतरी पुटपुटली. यूनहा वाकली.

"माझ्यासाठी बस थांबवू नका," मलसून म्हणत होती. "सगळ्यांना उशीर होईल."

यूनहाने तिथेच ११९ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन लावला. मग वॉकीटॉकीवर म्हणाली, "शूटिंग थांबवा. स्ट्रेचर मिळणार नाही. अ‍ॅम्ब्युलन्स येतेय, वाटेतल्या गाड्या काढा."

"तुला कोणी सांगितलं?" वॉकीटॉकीवर दिग्दर्शकांचा आवाज आला.

"कोणी नाही."

गाड्या निघायला वेळ लागला. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एवढेच म्हटले, की आधी आणायला हवे होते.

वाचकहो, यूनहाने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला तेव्हा काही चुकतेय असे सेटवर कोणालाच वाटले नव्हते. आपल्या कारखान्यात, कचेरीत, घरातही असे फोन रोज खिशात जातात. माणूस कोसळला की काम थांबवायचे, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागायची नाही. ज्याच्या हातात फोन आहे, त्याने तो लावायचा.

तो सीन दुसऱ्या दिवशी पूर्ण झाला. यूनहाला पुन्हा कामावर बोलावलेले नाही. हे लिहीपर्यंत मलसून अतिदक्षता विभागात आहे. शुद्धीवर आलेली नाही. निर्मात्यांचा माणूस रुग्णालयात एकदाच येऊन गेला. त्याने हिवाळी पोशाख परत मागितला. मलसूनच्या मुलीने तो अजून दिलेला नाही.