तीनशे नग

दुकान उघडायच्या आधी दांडीवरचे कपडे तीनदा मोजून झाले. पहिल्यांदा मामांनी मोजले ते तीनशे चार आले, दुसऱ्यांदा तीनशे सहा. तिसऱ्यांदा मामी मोजायला लागल्या, तर मामा शेजारी उभे राहून पुटपुटायला लागले, तेव्हा त्यांनी दटावून गप्प बसवलं. तीनशे सहाच होते. म्हणजे बँकेच्या बाई चार वाजता येईपर्यंत फक्त सहा कपडे देता येणार होते. सातवा गेला की कारभार आटोपला.

मामा लाँड्रीवाले. बावीस वर्षं तेच दुकान, तीच गल्ली, आणि सगळ्या गल्लीचे ते मामा. कपडे कडक आणि माणूस मऊ, अशी गिऱ्हाइकं त्यांची थट्टा करायची. उधारी मागताना घेणाऱ्यापेक्षा यांचाच चेहरा पडायचा. पण शनिवारचे कपडे शनिवारी, ही एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर छाती पुढे काढून केली होती.

दोन वर्षांपूर्वी ते बँकेत गेले ते एका लहानशा, जुन्या ड्रायक्लीनिंगच्या मशीनसाठी. तिथल्या कर्जवाल्या साहेबाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मागितलं त्याच्या तिप्पट कर्ज पुढ्यात ठेवलं. "मामा, एवढ्याशा कर्जाने तुमचं भागत नाही आणि माझा महिन्याचा आकडा भरत नाही. नवंच घ्या, मोठं घ्या." मग तो स्वतः दुकान बघायला आला. तारण काय, तर एक इस्त्री, दोन टेबलं आणि एक डुगडुगतं स्टूल. साहेबाची नजर दांडीवर गेली आणि त्याने फॉर्मवर लिहिलं, 'तयार माल, तीनशे नग'.

मामा म्हणाले, "साहेब, हे लोकांचे कपडे आहेत हो."

"दुकानात तुमच्याच आहेत ना? मग झालं. मोजायला कोण येतंय?"

मामांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरून फॉर्म नीट वाचला आणि सही केली. जामीनदार म्हणून मामींनी केली. खरं सांगायचं तर त्या नव्या मशीनचं रंगीत चित्र आठवडाभर मामांच्या खिशात होतं. मनातून हवं असलेल्या गोष्टीच्या आड माणूस एकदा येतो, दोनदा येत नाही.

मशीन आलं आणि त्याने निम्मं दुकान खाल्लं. पोटभर कपडे पडल्याशिवाय ते चालवणं परवडेना, आणि एवढे कपडे आणायचे कुठून? पाच हप्ते थकले. मग पत्र आलं: तारण ठेवलेल्या मालाची तपासणी होईल, माल कमी भरला तर सगळं कर्ज एकरकमी भरावं लागेल, नाहीतर दुकानाला सील. पत्र वाचून मामांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवडाभर विचार करून त्यांना सुचलं काय, तर कपडे द्यायचेच नाहीत. तीनशेचा आकडा भरावा म्हणून मामींनी घरचे चार पडदे, स्वतःच्या दोन साड्या आणि मामांचा लग्नातला सूटसुद्धा धुऊन दांडीवर चढवला होता.

नऊ वाजेपर्यंत सहा कपडे गेले. पुढच्या गिऱ्हाइकाला मामा म्हणाले, "अजून झाले नाहीत, उद्या या." बावीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक हसलंच. त्याला वाटलं, मामा चेष्टा करतायत.

मग रांगच लागली. शाळेतल्या बाईंना आजारपण सांगितलं, औषधवाल्याला वीज नव्हती म्हणून सांगितलं. एका आजोबांचा स्वेटर तर त्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होता. "तो बघा ना माझा," आजोबा म्हणाले. "तसलाच दुसऱ्या एकाचा आहे," मामा म्हणाले, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मामी आतल्या टेबलावर इस्त्री फिरवत होत्या, एकाच उशीच्या अभ्र्यावर, पुन्हा पुन्हा. दर गिऱ्हाइकामागे मामा वहीत नावापुढे एक टिंब देत होते. साडेतीनला मोजली तर टिंबं एकोणीस. जेवण तसंच झाकून राहिलं.

पावणेचारला हॉटेलातला वेटर आला. चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, नव्या हॉटेलात आठच दिवसांपूर्वी लागलेला. त्याच्याकडे एकच काळा कोट होता.

"मामा, द्या लवकर. पाचला हजेरी आहे."

"नाही रे झाला अजून."

वेटरच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. "असं नका करू. कोट नसेल तर आत घेत नाहीत. परवा एकदा बोलणी खाल्लीयत, आज दारातूनच परत पाठवतील. ओला असला तरी चालेल. अंगावर वाळवीन."

"थांब जरा. चार वाजून जाऊ देत," मामा म्हणाले. चारनंतर काय होणार, हे त्या बिचाऱ्याला कळेना. तो पायरीवर बसला आणि दर मिनिटाला मनगटावरचं घड्याळ बघायला लागला. मामांना ते बघवेना, आणि नजरही हटेना.

तेवढ्यात तपासणीच्या बाई आल्या. उन्हातून चालत आलेल्या, काखेत फाईल, पायात साध्या चपला. पाणी नको म्हणाल्या आणि थेट मोजायला लागल्या. मोजता मोजता त्या प्रत्येक कपड्याला टाचलेली चिठ्ठी उलटून बघत होत्या. नाव, तारीख, पुढचं नाव, तारीख. मामांना वाटत होतं, आपलं काळीज आता शर्टाबाहेर दिसत असणार.

"तीनशे," बाई म्हणाल्या. "बरोबर भरले."

मामींनी इस्त्री खाली ठेवली. संपलं होतं. आता बाईंनी कागदावर खूण करायची आणि जायचं, एवढंच.

पायरीवरून वेटर उठला. "मामा, तो काय माझा कोट. तिसरा. चिठ्ठी दिसतेय की माझी." तो भांडत नव्हता. तो विनवत होता, आणि तेच मामांना सोसवेना. त्यांनी काठीने कोट उतरवला, खांद्यावरची धूळ झटकली आणि त्याच्या हातात दिला. "जा. पळ." पैसे घ्यायचंही सुचलं नाही.

बाईंनी पेन थांबवलं. "म्हणजे हा तुमचा माल नाही."

"नाही."

"यातले तुमचे किती?"

मामांनी मनाशी हिशेब केला. "सात. चार पडदे धरून."

बाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या, तेव्हा ते डुगडुगलं. "असल्या अकरा फायली आल्यात माझ्याकडे. एकीत तर दवाखान्यातल्या खाटा न्हाव्याच्या नावावर आहेत. ज्यांनी हे आकडे घातले ते साहेब आज माझ्या वरच्या खुर्चीत आहेत." त्यांनी कोरा कागद पुढे केला. "काय झालं ते स्वतःच्या हाताने लिहून द्या. एकच विचारते. सही करताना तुम्ही हे वाचलं होतं का? न वाचता केली असेल, तर चूक बँकेची धरतात. हप्ते लांबवून मिळतात, मशीन राहतं. वाचून केली असेल, तर खोटं लिहिण्यात तुम्हीही आलात. मग मशीन जाणार, आणि उरलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर राहणार."

"यांना कुठलं वाचता येतंय बाई!" मामी पुढे आल्या. "एवढं बारीक अक्षर. आणि चष्मा तर तेव्हा फुटला होता. हो की नाही हो?"

मामांनी बायकोकडे पाहिलं. जामीनदार म्हणून तिचंही नाव त्या कागदावर होतं, आणि घरातलं जे काही जाणार होतं ते तिच्याही हातातून जाणार होतं. नुसती मान हलवायची होती. बँकेने आपल्याला फसवलं असं म्हणायला कितीतरी जागा होती, आणि ते अर्ध्याहून जास्त खरंही होतं. त्या साहेबाचा मामांना असा राग आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण सकाळपासून, वेटर धरून, वीस जणांना तोंडावर खोटं सांगून झालं होतं, आणि आता त्यांची जीभच उचलेना.

"चष्मा होता," ते म्हणाले. "बोट धरून वाचलं होतं मी."

त्यांनी लिहायला घेतलं. आकडा साहेबांनी घातला. माल लोकांचा आहे, हे मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. मी वाचलं. मी सही केली. बाईंनी कागद दोनदा वाचला, फाईलमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "पहिल्या ओळीचं वर काय होईल ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या ओळीचं पंधरा दिवसांत पत्र येईल." दारातून त्या एकदा मशीनकडे बघून गेल्या.

मामींनी इस्त्रीची वायर काढली. मामांना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर आयुष्यभर बोलणार नाही. "अगं," ते म्हणाले. मामींनी पदराने तोंड पुसलं, वही पुढे ओढली आणि पहिल्या टिंबाशेजारचा फोन नंबर फिरवला.

"लाँड्रीतून बोलतेय," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमचे कपडे घेऊन जा. हो, तयार आहेत. सकाळीच तयार होते."