शिंपल्याची भुकटी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर शिंपलेबाबा पांढऱ्या भुकटीची पुडी नाचवत गरजत होते, "शिंपला म्हणजे कॅल्शियम! कॅल्शियम आत शिरलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन धो धो वाहतं! मी नाही, विज्ञान सांगतंय. काय हो बाई?"

पहिल्या रांगेत सासूबाईंशेजारी बसलेल्या विज्ञानाच्या बाई गडबडल्या. "कॅल्शियम पेशीत शिरल्यावरच इन्सुलिन सुटतं, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. 'पण शिंपले खाऊन ते तिथं शिरत नाही,' हे ओठांवर आलं होतं. टाळ्यांनी बाई सुखावल्या आणि गप्प बसल्या.

मधुमेह असलेल्या सासूबाईंनी भुकटी सुरू केली. साखर खरंच उतरली. मग एका सकाळी, बाबांच्या सांगण्यावरून उपाशीपोटी पुडी घेतल्यावर, त्या घामाघूम होऊन स्वयंपाकघरात कोसळल्या. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

डॉक्टरांनी भुकटी तपासून घेतली. "शिंपला आहे, पण सोबत साखर उतरवायची गोळी कुटून घातलीय. तीही वाट्टेल तेवढी."

"आणि कॅल्शियम?" बाईंनी विचारलं.

"ते रक्तात असतंच. जेवल्यावर साखर वाढली की पेशीची दारं उघडतात, कॅल्शियम आत जातं, इन्सुलिन बाहेर पडतं. काम झालं की पेशीतले पंप कॅल्शियम बाहेर फेकतात. ही गोळी मात्र पोट रिकामं असतानाही दारं उघडायला लावते. दारांचं तर तुम्हीच शिकवता की!"

बाईंची मान खाली गेली.

"तू हो म्हणालीस, म्हणून मी निर्धास्त होते गं," सासूबाई पुटपुटल्या. आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते काळजात रुतलं.

पुढच्या सभेत बाई सरळ व्यासपीठावर चढल्या. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी सांगितलं. बाबा हसले, "अहो, ही तर समुद्राची शक्ती!"

"मग या चार पुड्या आत्ता तुम्हीच खा. उपाशीपोटी."

बाबांचा हात काही पुढे आला नाही. सभागृहात कुजबुज वाढली.

"पण माझी साखर उतरली ना!" एक म्हातारबाबा ओरडले.

"गोळीनं उतरली, काका. तशी गोळी डॉक्टर तुम्हाला तपासून, मोजून देतील. इथं कुणी मोजलं?" बाई सभेकडे वळल्या. "मी शिकलेली, तरी टाळ्यांच्या मोहात अर्धंच खरं बोलले. माझी सासू मरता मरता वाचली. तेव्हा माझ्यावरही विश्वास ठेवू नका. पुडीत काय आहे, कुणी तपासलं, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुडीसाठी तोंड उघडू नका."

या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. बाईंना ते बरं वाटलं.